आण्याचा चहा खरंच स्वस्त होता का?

घर रंगवायला काढलं तेव्हा माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली आली आणि तिच्यात आजोबांच्या जमाखर्चाच्या वह्या निघाल्या. लाल कापडी पुठ्ठ्याच्या, दोऱ्याने शिवलेल्या, कडेला वाळवीने चाखलेल्या. १९५७ सालच्या वहीत एका पानावर ही ओळ होती: ‘साखर १ शेर ॥।=’. पुतण्याने ती बघितली आणि विचारलं, “आत्या, हा बारकोड आहे का?”

बारकोड नव्हे, किंमत. उभी रेघ म्हणजे पाव रुपया, आडवी रेघ म्हणजे एक आणा. तीन उभ्या रेघांचे बारा आणे, दोन आडव्यांचे दोन, एकूण चौदा आणे. शेरभर साखर चौदा आण्यांना. हे सांगितल्यावर तो जे म्हणाला तेच आपण सगळे म्हणतो: “बापरे, किती स्वस्त होतं तेव्हा!”

आणि तिथेच फसायला होतं. जुना भाव वाचणं म्हणजे जुनी लिपी वाचण्यासारखं आहे. अक्षर लागलं म्हणजे अर्थ लागला असं नाही. चौदा आणे म्हणजे किती, शेर म्हणजे किती आणि ते चौदा आणे मोजणाऱ्या माणसाच्या खिशात एकूण होते किती, हे तिन्ही कळल्याशिवाय ती ओळ मुकीच.

सोळाचा संसार

आधी नाणी. एक रुपया म्हणजे १६ आणे, एक आणा म्हणजे ४ पैसे, एक पैसा म्हणजे ३ पै. म्हणजे रुपयात ६४ पैसे आणि १९२ पै. पै हातात येणारं नाणं म्हणून उरली नव्हती, पण हिशेबात होती. ‘पै न पै चुकती केली’ या बोलण्यात ती अजून आहे. दोन आण्यांना चवली, चार आण्यांना पावली, आठ आण्यांना अधेली, आणि सोळा आण्यांचा बंदा रुपया. १९५० मध्ये नव्या प्रजासत्ताकाची नाणी आली, तेव्हा राजाचं डोकं जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले. पैशावर घोडा होता, आण्यावर आणि चवलीवर बैल. आण्याची कड नागमोडी, चवली चौकोनी. अंधारात खिशात हात घातला तरी बोटांना कळायचं काय बाहेर येतंय ते.

आज हे कोष्टक विनाकारण किचकट वाटतं. दहा-शंभर सोडून सोळा-चौसष्ट कशाला? पण जरा बाजारात उभं राहून बघा. बाजारात माणूस दहा भाग करत नाही, निम्मे करतो. निम्मं, निम्म्याचं निम्मं, त्याचंही निम्मं. सोळा चार वेळा निम्मे होतात आणि अपूर्णांक येत नाही: आठ, चार, दोन, एक. शंभराचं काय होतं? पन्नास, पंचवीस, आणि पुढे साडेबारा. तिसऱ्याच पायरीला पाय घसरतो.

वजनंही त्याच सुरात होती. शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक, छटाक. प्रत्येक आधीच्याच्या निम्मं. शेरात १६ छटाक, रुपयात १६ आणे. त्यामुळे शेराचा भाव जितके रुपये, छटाकाचा भाव तितके आणे. वाण्याला गुणाकार करायची गरजच नव्हती. मण चाळीस शेरांचा, म्हणून मणाला जितके रुपये तितक्याच आण्यांना अडीच शेर. शाळेत पोरं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी घोकायची ती याच बाजारासाठी. (औट म्हणजे साडेतीन. साडेतीनचा पाढा पाठ असलेली माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांच्यासमोर कॅल्क्युलेटर काढायची मला लाज वाटली आहे.) एवढंच काय, रुपयाचं नाणं स्वतःच एक तोळा वजनाचं होतं. ऐंशी रुपये तराजूत टाकले की शेर झाला. पैसा आणि वजन एकाच घरातले.

म्हणून ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ ही म्हण आपण उगाच वापरत नाही. बेरीज करून बघा: बरोबर बंदा रुपया होतो. पंचवीस पैशांची कोंबडी नि पंचाहत्तर पैशांचा मसाला म्हणून बघा, म्हण तोंडातच विरघळते.

१ एप्रिल १९५७

मोठे हिशेब करणाऱ्यांना मात्र हा सोळाचा संसार डोकेदुखी होता. रेल्वे, बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती यांना रुपये-आणे-पैंची बेरीज तीन वेगवेगळ्या रकान्यांत करावी लागे: पै बाराने हातच्याला घ्यायची, आणे सोळाने, रुपये दहाने. १९५५ मध्ये संसदेने नाणे कायद्यात दुरुस्ती केली आणि १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० भाग झाले. रुपयाची किंमत तीच, फक्त चिरफाड नवीन. जुना पैसा बाजारात होताच, म्हणून या नव्याला नाव पडलं ‘नया पैसा’. मराठीत नवा पैसा, लिहिताना ‘न. पै.’. नाण्यावर लिहिलेलं असे ‘रुपये का सौवाँ भाग’. ते नाणं दीड ग्रॅमचं, शर्टाच्या बटणाएवढं. दोन आणि दहा नव्या पैशांची नाणी नागमोडी कडेची, पाचाचं चौकोनी.

जुनी आणि नवी नाणी काही वर्षं एकत्र चालणार होती. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पण पाव नवा पैसा कुणाच्या हातावर ठेवायचा? म्हणून कायद्याने नियम घालून दिला: अर्धा किंवा त्याहून कमी अपूर्णांक सोडून द्यायचा, अर्ध्यापेक्षा जास्त असेल तर पूर्ण धरायचा. त्यातून हे कोष्टक निघालं:

१ आणा ६ नवे पैसे, २ आणे १२, ३ आणे १९, ४ आणे २५, ५ आणे ३१, ६ आणे ३७, ७ आणे ४४, ८ आणे ५०. पुढे ९ चे ५६, १० चे ६२, ११ चे ६९, १२ चे ७५, १३ चे ८१, १४ चे ८७, १५ चे ९४ आणि १६ चे १००.

कागदावर सरळ दिसतं. आता हॉटेलात चला. चहा एक आणा. चार मित्रांनी आपापले सहा-सहा नवे पैसे दिले तर मालकाच्या गल्ल्यात २४ पडतात. एकाने दिलदारपणे चौघांचे दिले तर चार आणे, म्हणजे २५. दिलदारपणाचा दंड एक नवा पैसा! तसंच तीन आण्यांच्या वस्तूत सुटं-सुटं दिलं तर १८, एकदम दिलं तर १९. नियम एकच, तरी उत्तर दोन.

खरी मेख मात्र तळाला होती. एक जुना पैसा म्हणजे १.५६ नवे पैसे. नियमाप्रमाणे त्याचे झाले २. म्हणजे जी वस्तू पैशाला मिळत होती ती एका रात्रीत सुमारे २८ टक्क्यांनी महाग. रुपयाच्या खरेदीला या बदलाचा धक्का लागत नव्हता, अधेलीला नव्हता, पावलीला नव्हता. धक्का लागला तो पैशा-पैशाने खरेदी करणाऱ्याला. अपूर्णांक नेहमी गरिबाच्या पदरात पडतो. यात कुणाचा कट नव्हता, नुसता भागाकार होता.

टपाल खात्याने त्या दिवशी भारताच्या नकाशाची नवी तिकिटं काढली, न. पै. मधली. त्यांत एक तिकीट १३ नव्या पैशांचं होतं. वरचं कोष्टक पुन्हा बघा: दोन आण्यांचे १२, आणि सव्वादोन आण्यांचे १४. तेरा त्यात कुठेच बसत नाही. ज्याच्या खिशात अजून नुसते आणे आणि जुने पैसे आहेत, त्याने तेरा द्यायचे कसे? आकडा वाचून आजोबांच्या पिढीने भुवया उंचावल्या असतील, यात मला तरी शंका नाही.

‘नव्या पैशाने महागाई आणली’ हे वाक्य त्या पिढीच्या तोंडून हमखास ऐकू यायचं. अर्धसत्य आहे ते. पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळात, म्हणजे १९५१ ते ५६ मध्ये, भाव एकंदरीत उतरले होते. १९५०-५१ ला कोरियाच्या युद्धामुळे चढलेले दर खाली आले होते, पिकं बरी आली होती, १९५४ मध्ये धान्यावरचं रेशनिंग उठलं होतं. १९५६ पासून भाव पुन्हा चढायला लागले. त्यात मे १९५७ मध्ये टी. टी. कृष्णम्माचारींच्या अर्थसंकल्पाने नवे कर आणले. म्हणजे नवा पैसा आला तोच मुळी चढत्या बाजारात. माणसाला कर दिसत नाही, घाऊक निर्देशांक तर त्याहून नाही. हातातलं ते बटणाएवढं नाणं मात्र दिसतं. शिव्या त्यालाच बसल्या.

‘नवा’ हे विशेषण १ जून १९६४ ला गळलं आणि उरला पैसा. आणे कागदावरून गेले, तोंडातून गेले नाहीत. २५ पैशांच्या नाण्याला ३० जून २०११ ला ते चलनातून जाईपर्यंत सगळे चाराणेच म्हणत होते. आणि शेतीत बघा: पीक किती आलं याचा सरकारी अंदाज म्हणजे आणेवारी. सोळा आणे पीक म्हणजे भरघोस. आता सरकारी कागदावर तिचं नाव पैसेवारी झालं आहे आणि पन्नास पैशांच्या आत आली की टंचाईची चर्चा सुरू होते. पण गावात चावडीवर ‘यंदा आणेवारी किती लागली?’ असंच विचारतात.

कुठला रुपया, कुठला शेर

महाराष्ट्र राज्य झालं १ मे १९६० ला. त्याआधीच्या दशकात मराठी माणूस एकाच रुपयात व्यवहार करत होता असं समजू नका. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता आणि पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे निजामाचा हाली रुपया आणि भारताचा कळदार रुपया दोन्ही चालत. दर सात हालीला सहा कळदार. गोव्यात पोर्तुगीजांची रुपिया, तिचे सोळा टांग. मग दशकाच्या शेवटी एका रुपियाला सहा एस्कुदो या दराने एस्कुदो आले, आणि डिसेंबर १९६१ नंतर आपला रुपया. त्यामुळे एखाद्या औरंगाबादच्या किंवा मडगावच्या म्हाताऱ्याने ‘आमच्या वेळी रुपयाला अमुक मिळायचं’ म्हटलं, तर आधी विचारावं: कुठल्या रुपयाला?

नाणं बदलून दीड वर्ष होतंय तोवर वजनंही बदलायला लागली. मापांचा कायदा १९५६ चा. १ ऑक्टोबर १९५८ पासून ठरावीक भागांत किलो सुरू झाला आणि मग टप्प्याटप्प्याने सगळीकडे. शेर म्हणजे ८० तोळे, म्हणजे ९३३ ग्रॅम. किलो शेरापेक्षा सात टक्के मोठा. म्हणजे शेराचा भाव होता तोच किलोला लावला तर दुकानदाराचं नुकसान. सात टक्के वाढवला तर गिऱ्हाईक म्हणणार, वाढवलास! तेही नव्या पैशात, ज्याचा अंदाज अजून हाताला बसलेला नाही. घरातल्या बाईने मागच्या वर्षीच्या आणि या वर्षीच्या तुरीच्या डाळीचा भाव ताडून बघायचा तर नाणं वेगळं आणि वजनही वेगळं.

धान्याला तर वजन नव्हेच, माप: चिपटं, मापटं, शेर, पायली. चार शेरांची पायली, पण पायल्यांचा मण गावागावाला वेगळा. त्यात आणखी खोल जात नाही, कारण तिथून परत येणं कठीण आहे.

एक सापळा मात्र आजही चालू आहे. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आज सराफाकडे आपण ‘तोळ्याचा भाव’ विचारतो आणि तो सांगतो दहा ग्रॅमचा. त्यामुळे ‘तेव्हा सोनं शंभर रुपये तोळा होतं’ आणि ‘आता तोळा इतका’ ही तुलना करताना तेव्हाच्या शंभरात दीड ग्रॅमहून जास्त सोनं फुकट येत होतं, हे धरायला हवं. भाजीवाल्या मावशींचा पावशेरही तसाच: खरा २३३ ग्रॅमचा, आता अडीचशेचा. इथे फायदा आपला.

चौदा आण्यांचं ओझं

आता साखरेकडे या. शेराला चौदा आणे, म्हणजे साडेसत्त्याऐंशी नवे पैसे. किलोला साधारण ९४. आजच्या भाषेत याचे किती? केंद्राचा श्रम ब्युरो औद्योगिक कामगारांसाठी ग्राहक किंमत निर्देशांक काढतो. त्याचं पायाभूत वर्ष (ज्या वर्षीचे भाव १०० धरायचे ते) १९६० होतं, मग १९८२, २००१ आणि २०१६ झालं. दर वेळी जुनी आणि नवी मालिका जोडायला एक गुणक दिला जातो: ४.९३, मग ४.६३, मग २.८८. तिन्हींचा गुणाकार सुमारे ६६. आणि २०१६ ला १०० धरलेला निर्देशांक २०२४ मध्ये १४० च्या वर गेला. म्हणजे १९६० च्या रुपयाचा आजचा भाव ढोबळमानाने नव्वद रुपयांहून जास्त. १९५७ ते ६० मध्येही भाव चढले, तेव्हा १९५७ साठी हा आकडा थोडा कमीच पडेल. पण नव्वद धरू.

९४ पैसे गुणिले ९०: सुमारे ८५ रुपये किलो. आज साखर पंचेचाळीसच्या आसपास मिळते. म्हणजे आजोबांची ‘स्वस्त’ साखर आजच्यापेक्षा जवळजवळ दुप्पट महाग होती.

चहा? सव्वासहा पैसे गुणिले नव्वद, साडेपाच रुपये. टपरीवर आज दहाच्या खाली कप मिळणं कठीण. म्हणजे चहा खरंच स्वस्त होता. साखर महाग आणि तिचाच चहा स्वस्त, हे कसं? कारण कपातल्या साखरेपेक्षा कप आणून देणाऱ्या पोऱ्याचं, विसळणाऱ्याचं, चुलीपुढे उभ्या असलेल्याचं मोल जास्त मोजावं लागतं, आणि तेव्हा ते जवळजवळ शून्यात होतं. त्या काळी ज्या गोष्टीत माणसाचे हात लागत त्या स्वस्त: शिलाई, हजामत, टांगा, घरकाम. ज्यात कारखाना लागे त्या महाग: साखर, सायकल, घड्याळ, रेडिओ. ‘स्वस्ताई’ म्हणून आपण जिची आठवण काढतो ती बऱ्याचदा कुणाच्या तरी मजुरीची स्वस्ताई असते.

आणि मिळकत. स्वतंत्र भारताचं राष्ट्रीय उत्पन्न मोजायला समिती नेमली होती. महालनोबिस अध्यक्ष, सोबत व्ही. के. आर. व्ही. राव आणि पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. त्यांच्या हिशेबाने १९५०-५१ मध्ये दरडोई उत्पन्न वर्षाला सुमारे २६५ रुपये. पुढच्या पाच-सहा वर्षांत त्यात फार मोठा फरक पडला नव्हता. ३६५ ने भागा: दिवसाला साडेअकरा आणे. माणशी दिवसाची सरासरी मिळकत साडेअकरा आणे आणि शेरभर साखर चौदा आणे! वहीत महिनाभरात साखरेची नोंद एकदाच का आहे आणि गुळाची पाच वेळा का, ते मला इथे कळलं. सोनं याच मापाने मोजलं तर गंमत दिसते: वर्षाच्या सरासरी मिळकतीत तेव्हा अडीच तोळे सोनं येई, २०२३-२४ मध्ये पावणेदोन-दोन लाखांच्या दरडोई उत्पन्नात, साठ हजारांच्या भावाने, साधारण तीन, तेही दहा ग्रॅमचे. सत्तर वर्षांत साखर आपल्या मुठीत आली, सोनं होतं तिथेच राहिलं.

एका आण्यात आणखी काय यायचं

पण नुसत्या भागाकाराने तो काळ कळत नाही, कारण बऱ्याच वस्तू एकट्याने विकत घ्यायच्या नव्हत्याच. आण्याच्या चहाबरोबर हॉटेलातलं बाकडं मिळे, टेबलावरचं वर्तमानपत्र मिळे आणि फळीवरचा रेडिओही. १९५१ च्या जनगणनेत देशात साक्षर होते शंभरात अठरा. एक जण मोठ्याने वाचायचा, पाच जण ऐकायचे. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली, अत्र्यांचा ‘मराठा’ १५ नोव्हेंबर १९५६ ला सुरू झालेला, आणि १९५७ च्या निवडणुकीचे निकाल नुकते लागलेले. नवा पैसा आला तो या धामधुमीत. अशा वेळी अंकाची किंमत त्या बाकड्यावरच्या माणसांनी भागून बघावी लागते.

रेडिओचंही तसंच. संच घ्यायला काही महिन्यांची मिळकत लागायची, वर दरवर्षी परवाना. आकाशवाणी पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, ‘गीतरामायण’ सुरू झालं. गदिमांचे शब्द, बाबूजींचे सूर, वर्षभरात ५६ गाणी. ज्याच्या घरी रेडिओ त्याच्या ओटीवर गल्ली बसायची. सिनेमाची गाणी हवी असतील तर मात्र रेडिओ सिलोन लावावं लागे, कारण नभोवाणी मंत्री केसकर, आपल्याच पुण्याचे, यांना आकाशवाणीवर ती नको होती. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली तेव्हा गाणी घरी परत आली. नवा पैसा चालू होऊन तेव्हा सहा महिने झाले होते.

त्याच ऑक्टोबरचं पान माझ्यासमोर आहे. आता रकाने नवे आखलेले आहेत, रुपये आणि न. पै. साखर एक शेर, ०.८७. अक्षर तेच, शाई तीच. आणि त्या आकड्याच्या शेजारी, समासात, पेन्सिलीने बारीक काढलेलं: ॥।=